‘चौफेर’चं गाणं नेमकं कुणाचं

बीड जिल्ह्यात मी गेले ती एका भांडणाच्या मागावर. चार पोरांच्या एका जुन्या बँडवरून ते चाललं होतं, आणि तो बँड बंद पडूनही पंधरा-सोळा वर्षं झाली होती.

औरंगाबादला मी कॉलेजात होते तेव्हा तिथं शिकणाऱ्या चौघांनी ‘चौफेर’ काढला होता. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, मानेवर रुळणारे केस, बेलबॉटम, आणि गाणी मात्र अस्सल मराठी. गॅदरिंगला त्यांनी पहिलं गाणं सुरू केलं तेव्हा प्राचार्य उठून गेले आणि आम्ही मुली बाकांवर चढलो. त्यांच्या दोन रेकॉर्डी निघाल्या, एक मोठी आणि एक छोटी. मग बँड फुटला. गाणारा विलास पुढे काविळीनं गेला. दोघं मुंबईत कुठं हरवले ते कुणाला माहीत नाही. गिटार वाजवणारा मोतीराम वडवणीच्या शाळेत शिक्षक झाला, एवढं कानावर होतं.

मी पुण्यात एका लहानशा कॅसेट कंपनीत कव्हरावरचा मजकूर लिहायचे. तेव्हा या धंद्याला असं भरतं आलं होतं की लोक जुनं काहीही हुडकून विकत होते. आमच्या मालकांनी ‘चौफेर’चे हक्क मिळवले. दोन्ही रेकॉर्डी मिळून गाणी बारा, आणि फितीत बसणार दहा. कुठली दोन गाळायची, असं आम्ही पेपरात छोट्या जाहिरातीतून श्रोत्यांना विचारलं. उत्तरं आली ती बहुतेक विलास-मोतीरामच्या बीडकडून, आणि त्यातली निम्मी केज गावातल्या दोनच माणसांची. एक लिहायचा की विलासचं नाव सगळ्या गाण्यांवर आहे ते खोटं आहे, चाली मोतीरामच्या आहेत. दुसरा लिहायचा की पहिल्याच्या बोलण्यावर जाऊ नका. शेवटी दोघांनीही एकच ओळ लिहिली: मॅडम, तुम्ही स्वतः या.

मालक म्हणाले, “जाऊन या. नावावरून उद्या कुणी कोर्टात गेलं तर आपण मेलो.”

मांजरसुंबा

जानेवारीचा पहिला आठवडा होता. नगर सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी दिसायला लागली, ती शेवटपर्यंत. पुण्याहून निघताना मला वाटत होतं की सगळं उघडंबोडकं असेल. डोंगर तसे होते खरे, पिवळ्या गवताचे, मधूनमधून काळा दगड वर आलेले. पण खाली रान भरलं होतं, आणि कणसांवर पाखरं बसू नयेत म्हणून कुणी रिकाम्या कॅसेटच्या फिती शेताभोवती ताणून बांधल्या होत्या. त्या वाऱ्यावर गुणगुणत होत्या. आमच्या धंद्याचा असा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला.

मांजरसुंब्याच्या चौकात एसटी जेवणासाठी थांबली. मला उतरवून घ्यायला पत्रं लिहिणारे दोघंही आले होते, पण एकत्र नव्हे. ढाब्यात एक या टोकाच्या टेबलाशी बसला होता, दुसरा त्या. मी दारात उभी राहिल्यावर दोघं एकदम उठले.

सिद्धार्थ केजच्या तहसील कचेरीत नोकरीला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं जपून. इलियासचं केजच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं आणि कॅसेट भरून द्यायचं दुकान. तो जाडजूड, सतत हसणारा. बँड ऐन भरात होता तेव्हा हे दोघं शाळेत होते, एकाच बाकावर.

“बसा ताई,” इलियास म्हणाला. “आधी जेवा. हा सिद्धार्थ उपाशीपोटीच भांडायला लावतो.”

भाकरी आली, पिठलं आलं, आणि ठेचा आला तो पाहूनच डोळ्यांत पाणी यावं असा. आमच्याकडे ढाब्यावर गिऱ्हाईक मागतं तेवढंच येतं. इथं वाढणारा माझ्या नकाराकडे लक्षच देत नव्हता. मी हात ताटावर आडवा धरला तर त्यानं भाकरी हातावरच ठेवली.

“‘उन्हाचा दरवाजा’ घ्या,” सिद्धार्थनं सुरुवात केली. ते ‘चौफेर’चं सगळ्यात गाजलेलं गाणं. अजून लग्नाच्या वरातीत वाजतं. “सुरू कशावर होतं? गिटारवर. कडवं झालं की येतं कशावर? गिटारवर. गिटार काढा, काय राहतं?”

“विलास राहतो,” इलियास म्हणाला. “अन् तू कावून इसरतो बे, वाजवणं अलग, बनवणं अलग? मी रेडिओ नीट करतो, म्हणून काय रेडिओचा शोध मीच लावला का?”

“मग मोतीराम सर एवढी वर्षं गप्प का?”

“कारण की त्यांचं काय न्हाईच त्याच्यात!”

बसच्या कंडक्टरनं जेवता जेवता मान वर करून विचारलं, “कोणत्या पार्टीचं चाललंय?” बँडचं म्हटल्यावर तो निराश होऊन पुन्हा पिठल्याकडे वळला.

इलियास पैसे द्यायला गल्ल्याशी गेला तेव्हा सिद्धार्थ हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, आमच्या वस्तीत रेकॉर्ड आली तेव्हा वडील मंडळी कव्हर हातात घेऊन नाव शोधत होती. आमचा माणूस औरंगाबादला जाऊन गिटार वाजवतो, रेकॉर्डवर वाजतो, आणि नाव कुठंच न्हाई. मी शाळेत होतो. मला ते अजून दिसतं, ती मंडळी कव्हर उलटंपालटं करताना.”

मी ते वहीत उतरवून घेतलं. 

केज

मी सिद्धार्थच्या घरी उतरले. त्याच्या बायकोनं, सुजातानं, मला आंघोळीला इतकं कढत पाणी दिलं की थंडीचं भय गेलं. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, आणि त्यांच्या खालच्या फळीवर ‘चौफेर’ची मोठी रेकॉर्ड, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. घरात रेकॉर्ड प्लेअर नव्हता. मी विचारलं तेव्हा सुजाता हसली. “वाजवायची असली की इलियासभाईंच्या दुकानात नेतात. भांडून येतात. पुन्हा उद्या नेतात.”

दुसऱ्या दिवशी इलियासच्या दुकानात बारा गाणी ऐकायचं ठरलं. तिसऱ्या गाण्याला वीज गेली. इलियासनं तीच गाणी भरलेली कॅसेट काढली आणि टेपरेकॉर्डरमध्ये सेल घातले. ते बहुधा आधीच दमलेले असावेत, कारण दोन गाण्यांतच विलासचा आवाज जड होऊन खाली बसायला लागला. आम्ही तिघंही चेहरे गंभीर ठेवून ऐकत होतो. “ही लय बघा, मुद्दाम धरलेली हाय,” असं सिद्धार्थ म्हणाला आणि मग विलास एका शब्दात दोनदा जांभई दिल्यासारखा थांबला, तेव्हा आधी इलियास फुटला आणि मग आम्ही सगळे. समोरच्या पानवाल्यानं आपल्या रेडिओतले सेल काढून आणून दिले.

गाळायच्या दोन गाण्यांपैकी एक चटकन ठरलं. दोघांचं आयुष्यात बहुधा तेवढ्याच गोष्टीवर एकमत होतं. ते ‘इंजिन’. मोठ्या रेकॉर्डवरचं, नऊ मिनिटं चालणारं, शब्द नसलेलं. खालच्या सुरात गिटारचा एकच ठोका पडत राहतो, ढक-ढक-ढक, वर कधीतरी एखादी सुरावट येते आणि जाते, आणि शेवटी सगळं अडखळत बंद पडतं. कॉलेजात असताना आम्हीही तेवढ्यात चहा पिऊन यायचो.

“हे पहिलं काढा,” सिद्धार्थ म्हणाला. “जागा तरी होईल.”

“कबूल,” इलियास म्हणाला. “विलासनं कावून घातलतं देव जाणे. आखरीला तर रेकॉर्डिंगच बिघडलंय.”

मी ‘इंजिन’वर काट मारली. दुसऱ्या गाण्यावर दुपारपर्यंत घासाघीस चालली, आणि ‘पत्ता बदलला’ नावाचं एक रडकं गाणं गेलं. सिद्धार्थला सगळ्यात प्रिय होतं ‘फलाट’, इलियासला ‘तार’. ती दोन्ही सुखरूप राहिली.

तिथून आम्ही विलासच्या मोठ्या भावाकडे गेलो. शिवाप्पांचं अडत बाजारात धान्याचं दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, समोर ज्वारीचे ढीग. त्यांनी आधी हुरडा मागवला. कोवळ्या कणसांचे भाजून काढलेले गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी, गूळ. मूठ तोंडात टाकली की दाणा दाताखाली दुधाळ फुटतो. पुण्यात हल्ली हुरडा पार्टीला माणशी दर लावतात. इथं तो पाणी विचारावं तसा पुढे आला.

मी भीत भीत नावाचा विषय काढला. चाली दुसऱ्याच्या असल्याचं काही लोक म्हणतात, असं सांगितलं. सिद्धार्थ जमिनीकडे पाहत होता.

शिवाप्पा बराच वेळ दाणे चोळत राहिले. “मला गाण्यातलं काय कळत न्हाई. आमच्या घरात कोणी ते ऐकलंच न्हाई. वडलांना लई राग. दुकान सोडून पोरगा नाचगाणं करतो म्हणून.” मग म्हणाले, “मोतीरामचं जे असंल ते त्याला द्या. आमचं एकच मागणं हाय. तबकडीवर नुसतं ‘विलास’ हाय. बापाचं नाव त्यानं घातलं न्हाई, अन् बापानं बी घालू दिलं न्हाई. आता दोघं बी न्हाईत. तुमी घाला. विलास महालिंगप्पा.”



वडवणी

केजहून धारूर घाटातून पुढे जाणाऱ्या जीपमध्ये आम्ही तिघं, शिवाय आणखी कितीजण ते सांगणं कठीण, कारण प्रत्येक वळणावर मांडीखालून नवं कुणीतरी निघत होतं. एका आजोबांनी आपला कोंबडा माझ्याकडे धरायला दिला आणि झोप काढली. कोंबड्यानं वडवणी येईपर्यंत माझ्या घड्याळाच्या पट्ट्याला चोची मारल्या. पुण्यात शेजाऱ्यानं वर्तमानपत्र मागितलं तरी आपण कपाळाला आठ्या घालतो. इथं अनोळखी बाईच्या मांडीवर कोंबडा देण्यात कुणाला काही वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही.

बाजाराचा दिवस होता. गवारीचे, वांग्यांचे ढीग, मिरच्यांचा ठसका, एका पालावर नव्या शीतपेयाच्या बाटल्या बर्फात उभ्या, आणि शेजारी मडक्यातलं ताक. गर्दी ताकाकडे होती. त्यातून वाट काढत आम्ही मोतीराम सरांच्या घरी पोचलो.

केस विरळ झालेले, चष्मा, हातात नववीचे विज्ञानाचे पेपर. ज्या माणसाला पाहून आम्ही बाकांवर चढलो होतो तो हाच, हे पटायला मला थोडा वेळ लागला. त्यांनी पेपर बाजूला ठेवले, आम्हाला अंगणात लिंबाखाली बाज टाकून दिली, बायकोला चहाचं सांगितलं. सिद्धार्थ त्यांच्यासमोर बसेचना. त्यांनीच त्याला दंडाला धरून खाली बसवलं.

मी कशासाठी आले ते सांगितलं आणि विचारलं, “सर, ‘उन्हाचा दरवाजा’ची चाल तुमची का?”

“न्हाई,” ते म्हणाले.

सिद्धार्थ हसला. “मॅडम, सर असंच म्हणतात. मोठ्या मनाचे हायेत.”

मोतीराम सरांनी चष्मा काढला. “हेच. हेच मला पंधरा वर्षं ऐकायला लागतंय. मी न्हाई म्हटलं की लोक म्हणतात, काय मोठं मन! आणखीच जोरात माझं नाव घेतात. सिद्धार्थ, ती चाल विलासची हाय. सुरुवातीची गिटार पण त्यानं तोंडानं गाऊन दाखवली, मी वाजवली. चांगली वाजवली, ते कबूल. पण हाय त्याची.”

“बाकीची गाणी?” मी विचारलं.

“त्याचीच. दोन-तीन ठिकाणी आमी सगळ्यांनी मिळून काय काय जोडलं. त्याच्यावर नाव कुणी मागत न्हाई.”

इलियासनं जिंकल्यासारखं सिद्धार्थकडे पाहायला हवं होतं. त्यानं पाहिलं नाही. तो बाजेचा सुंभ नखानं उसवत राहिला. सिद्धार्थ सरांकडे वळला.

“सर,” तो म्हणाला, “मग तुमचं काहीच न्हाई? एक गाणं पण न्हाई?”

“हाय की. एक हाय. ‘इंजिन’.”

माझ्या मांडीवर कागद होता आणि त्यावर काट. मी तो उलटा केला. पण विज्ञानाचे मास्तर ते, मुलं कागद उलटा का करतात हे त्यांना चांगलं माहीत असणार.

“काढलंय ना?” ते म्हणाले. “काढतात. विलास असतानासुद्धा रेकॉर्डवाले म्हणत होते, नऊ मिनिटं कोण ऐकणार? गाणारा गातच न्हाई त्याच्यात. विलास अडून बसला. म्हणाला, हे न्हाई तर काहीच न्हाई. करारावर सही करायला एकालाच बोलावलतं. माझी परीक्षा होती. तो एकटा गेला, सगळ्यावर त्याचं नाव पडलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. लई वाटलं. आमी वर्षभर बोललो न्हाई. पण ‘इंजिन’ रेकॉर्डवर आलं ते त्याच्यामुळं, हे पण खरंय.”

“पण सर, त्यात...” सिद्धार्थ चाचरला. “त्यात हाय काय?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील दुसऱ्याच्या मळ्यात विहिरीवरचं इंजिन चालवायचे. लहानपणी हे भाकरी घेऊन जायचे. बांधावरूनच कान द्यायचे. ठोका भरीव असला की विहिरीला पाणी आहे, वडील खुशीत असणार. दुष्काळाच्या वर्षी ठोका बदलत गेला. पाणी खाली जाईल तसा पोकळ होत गेला. आणि एके दिवशी हे बांधावर असतानाच इंजिन अडखळलं, दोन-चार धक्के दिले आणि थांबलं. “त्या दिवशी मी भाकरी घेऊन तिथंच उभा राहिलो. पुढं जावंसं वाटंना. आत गेलो की वडलांचं तोंड बघावं लागणार.” ते हसल्यासारखं करून म्हणाले, “शेवट बिघडलेला न्हाई, ताई. तो तसाच हाय.”

 मग सिद्धार्थ म्हणाला, “सर, ‘उन्हाचा दरवाजा’वर तुमचं नाव आलं असतं तर आपल्या सगळ्या लोकांनी...” 

“सिद्धार्थ, दुसऱ्याचं आपल्याला नको,” मोतीराम सर म्हणाले. त्यांचा आवाज आता वर्गातल्यासारखा झाला होता. “आपलं तेवढं पाहिजे. पण आपलं ते सगळं पाहिजे. नऊच्या नऊ मिनिटं.”

त्यांच्या बायकोनं, कमलताईंनी, चहा आणून ठेवला होता. त्या दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. “मला न्हाई कधी सांगितलं हे,” त्या म्हणाल्या. “रेकॉर्ड लावली की ह्याच गाण्याला उठून बाहेर जातात. मला वाटायचं, ह्यांना आवडत न्हाई.”

सिद्धार्थनं माझ्याकडून कागद मागून घेतला. नऊ मिनिटांचं ‘इंजिन’ ठेवायचं तर त्याच्या जागेसाठी आणखी दोन गाणी काढावी लागणार होती. कुणी बोलायच्या आत त्यानं ‘फलाट’वर रेघ ओढली.  मग तो पेन हातात धरून बसला.

इलियासनं हात पुढे केला. “आण इकडं. ‘तार’ मी काढतो. तू काढलं तर जिंदगीभर ऐकवशील.”

परत पुण्यात

मालकांना पटवायला मला त्रास झाला. शब्द नसलेलं नऊ मिनिटांचं गाणं घालून दोन चालणारी गाणी काढायची, हे त्यांच्या हिशेबात बसेना. मी म्हटलं, दुसऱ्या बाजूला सगळ्यात शेवटी घालू, ज्याला नको तो आधीच बंद करील. यावर ते तयार झाले. फीत तयार होत असताना आमच्या रेकॉर्डिस्टनं शेवटच्या अडखळणीपाशी आवाज हळूहळू बारीक केला. चूक झाकली असं त्याला वाटलं. मी ते पुन्हा करायला लावलं आणि होईपर्यंत त्याच्या शेजारून उठले नाही.

कव्हरावर आम्ही छापलं: शब्द व संगीत, विलास महालिंगप्पा. त्याखाली वेगळी ओळ: ‘इंजिन’, संगीत, मोतीराम. कॅसेट बरी गेली, फार नाही. कुणी कोर्टात गेलं नाही.

मी स्वतः ‘इंजिन’ त्यानंतर बऱ्याच वेळा ऐकलं. ते मला अजूनही लांबच वाटतं. पण मी आता मध्येच चहाला उठत नाही.

कॅसेट निघाल्यावर महिन्याभरानं ऑफिसात फोन आला. मागे एसटीचा हॉर्न आणि पोरांचा आरडाओरडा. सिद्धार्थ वडवणीच्या एसटीडी बूथवरून बोलत होता.

“ताई, मी आन् इलियास सरांकडं गेलतो. कॅसेट लावली. ‘इंजिन’ला सर बाहेर गेले न्हाईत. कमलताईंच्या शेजारी बसून आख्खं ऐकलं.”

“काय म्हणाले?”

“शेवट होईपर्यंत एक शब्द न्हाई. संपल्यावर मला म्हणाले, सिद्धार्थ, मधे एक दोन मिनिटं जास्तीची हायेत रे. तेव्हाच काढायला पायजे होती.”

“मग तू काय म्हणालास?”

“मी?” पलीकडे तो हसत होता, आणि त्याच्यामागे इलियास काहीतरी ओरडत होता. “मी म्हटलं सर, एक सेकंद बी काढू देणार न्हाई. तवापासनं भांडण चालूच हाय.”